लिंकमधील प्रश्नचिन्हापुढचे शेपूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या संगणकवर्गात येणारे ज्येष्ठ नागरिक, येवल्याचे पैठणीवाले, त्र्यंबकेश्वरात खोल्या भाड्याने देणारे आणि निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार आम्हाला एखादी लिंक पाठवून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. पॅरामीटरांची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी प्रत्यक्ष लिंकमध्ये ती बहुधा रोमन अक्षरांत दिसतात, हे ध्यानात असावे.

१. लिंकमध्ये मध्येच प्रश्नचिन्ह येतं आणि पुढे लांबलचक काहीतरी असतं. ते नेमकं काय आहे?

प्रश्नचिन्हापर्यंतचा भाग कोणत्या संकेतस्थळावरील कोणत्या पानाकडे जायचे ते सांगतो. त्यानंतरचा भाग त्या पानाला आणखी काही माहिती पुरवतो. येवल्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचणे वेगळे आणि आत गादीवर बसून ‘जांभळी दाखवा, पंधरा हजारांच्या आतली दाखवा’ असे म्हणणे वेगळे. हे दुसरे काम प्रश्नचिन्हापुढचा मजकूर करतो. पुढील काल्पनिक पत्ता पाहावा:

उदाहरण.भारत/पैठणी?रंग=जांभळा&कमाल=१५०००&पान=२&यूटीएम_सोर्स=व्हॉट्सॲप

येथे चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत बरोबरच्या चिन्हाआधी नाव आणि नंतर त्याची किंमत (म्हणजे मूल्य, पैशांचा दर नव्हे) येते; अशा जोडीला पॅरामीटर म्हणतात. पहिल्या तीन जोड्यांमुळे पडद्यावर काय दिसेल ते ठरते. चौथी जोडी पडद्यावर काहीच बदलत नाही, ती फक्त आपण कोठून आलात याची नोंद करते. या पानावरील जवळजवळ सर्व प्रश्न या दोन प्रकारांतील फरकाशीच येऊन थांबतात.

२. त्यातल्या खुणांचा अर्थ काय?

‘?’ हे चिन्ह पॅरामीटर सुरू झाल्याचे सांगते, ‘=’ नाव आणि किंमत यांना जोडते, ‘&’ एक जोडी संपून दुसरी सुरू झाल्याचे दाखवते. ‘+’ हे येथे बहुधा मोकळ्या जागेऐवजी आलेले असते. ‘#’ चा प्रकार वेगळा आहे, तो प्रश्न ८ मध्ये पाहावा. जोड्यांचा क्रम बदलल्याने सहसा फरक पडत नाही. मात्र लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक पडू शकतो, म्हणून पॅरामीटर हाताने टाइप करण्यापेक्षा कॉपी करावेत.

३. मराठी विकिपीडियावरच्या ‘नाशिक’ या पानाची लिंक कॉपी केली, तर मराठी अक्षरं जाऊन नुसती टक्क्यांची चिन्हं आली. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. पत्त्यात प्रत्यक्ष पाठविता येणाऱ्या चिन्हांचा संच फार मर्यादित आहे आणि देवनागरी त्यात बसत नाही. म्हणून ब्राउझर आपल्याला मराठी अक्षरे दाखवतो, परंतु कॉपी करताना त्यांचे सांकेतिक रूप देतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठविण्याच्या पद्धतीत ३ बाइट (संगणकातील साठवणीचे एकक) घेते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यामागची दोन अक्षरे किंवा अंक अशा ३ चिन्हांत लिहिला जातो. ‘नाशिक’ या शब्दात न, काना, श, वेलांटी आणि क अशी ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट, म्हणजे पत्त्यात ४५ चिन्हे. ‘त्र्यंबकेश्वर’ लिहिले तर काय होईल, याची कल्पना यावरून करता येईल. अशी लिंक लांब दिसली तरी तिच्यात माग काढणारे काही असेलच असे नाही. केवळ लांबी पाहून लिंकबद्दल संशय घेऊ नये, आणि ती आखूड आहे म्हणून विश्वासही ठेवू नये.

४. मी तर फक्त ‘शेअर’ दाबलं. हे शेपूट जोडलं कोणी?

ज्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर आपण शेअरचे बटण दाबले, बहुधा त्यानेच. नेहमी दिसणारी काही नावे अशी आहेत. ‘यूटीएम’ने सुरू होणारे पॅरामीटर जाहिरात किंवा संदेश पाठविणारा व्यावसायिक जोडतो. यूटीएम म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. अर्चिन ही अमेरिकेतील सॅन डिएगो येथील कंपनी गुगलने २००५ मध्ये विकत घेतली, तिच्याच पायावर गुगल ॲनालिटिक्स ही संकेतस्थळावर येणाऱ्यांची नोंद ठेवणारी सेवा उभी राहिली आणि कंपनीचे नाव विसरले गेले तरी आद्याक्षरे लिंकमध्ये टिकून राहिली. ‘एफबीक्लिड’ फेसबुक जोडते. ते २०१८ पासून सर्रास दिसू लागले. ‘जीक्लिड’ गुगलच्या जाहिरातीवर टिचकी मारल्यावर येते. यूट्यूबच्या शेअर बटणातून घेतलेल्या लिंकला ‘एसआय’ लागते, तर इन्स्टाग्रामच्या लिंकला ‘आयजीएसएच’.

यूटीएम आणि बाकीचे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘यूटीएम_सोर्स=व्हॉट्सॲप’ हे वाचता येते आणि ते हजारो लोकांना सारखेच असते, त्यामुळे त्यातून टोळी कळते, माणूस कळत नाही. एफबीक्लिड किंवा एसआयपुढे मात्र अर्थ न लागणारी अक्षरमाला असते आणि ती त्या विशिष्ट टिचकीची किंवा त्या विशिष्ट शेअरची असते.

५. मग त्यातून माझं नाव, नंबर समोरच्याला कळतो का?

लिंक ज्याला पाठवली त्या नातेवाइकाला त्या अक्षरमालेवरून सहसा काहीही कळत नाही. ज्या कंपनीने ती जोडली तिला मात्र, आपण लॉगिन केलेले असल्यास, ही लिंक कोणत्या खात्यातून निघाली आणि ती पुढे कोणी उघडली हे जुळविता येऊ शकते. ईमेलने येणाऱ्या जाहिरातींच्या लिंकमध्ये प्रत्येक ग्राहकाचा वेगळा क्रमांक असू शकतो. क्वचित तर ईमेलचा पत्ता उघडपणे लिहिलेला आढळतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पत्त्याच्या डावीकडे कुलपाचे चिन्ह असेल, तर वाटेत कोणी पॅरामीटर वाचू शकत नाही, हे खरे आहे. परंतु तोच पत्ता आपल्या ब्राउझरच्या इतिहासात आणि संकेतस्थळाच्या सर्व्हरवरील (ते जेथून चालते त्या संगणकावरील) नोंदीत जसाच्या तसा राहतो. सायबर कॅफेतील किंवा वाचनालयातील संगणक वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

६. कोणता भाग काढला तर चालतो आणि कोणता ठेवावाच लागतो?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि त्याला ‘प्रश्नचिन्हापुढचे सर्व काढून टाका’ हे जे उत्तर सगळीकडे फिरते ते अर्धवट आहे. यूट्यूबचेच पाहा. शेअर बटणातून मिळणाऱ्या आखूड लिंकमध्ये व्हिडिओची ११ चिन्हांची ओळख तिरप्या रेषेनंतर, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या आधीच येते. तेथे प्रश्नचिन्हापुढचे ‘एसआय’ सरळ काढून टाकता येते. परंतु संगणकावर ब्राउझरच्या पट्टीतून घेतलेल्या लांब लिंकमध्ये तीच ओळख ‘व्ही=’ या पॅरामीटरमध्ये, प्रश्नचिन्हाच्या नंतर असते. तेथे प्रश्नचिन्हापासून छाटले की तो व्हिडिओ उघडतच नाही. तोच व्हिडिओ, तेच संकेतस्थळ, आणि एकच नियम एका ठिकाणी बरोबर तर दुसऱ्या ठिकाणी चूक ठरतो.

यूट्यूबवरच ‘टी=९०’ असेल तर व्हिडिओ दीड मिनिटापासून सुरू होतो. एखाद्या दीर्घ व्याख्यानातला नेमका भाग आपल्याला कोणाला दाखवायचा असेल, तर हा पॅरामीटर काढणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय. ‘लिस्ट=’ असेल तर व्हिडिओबरोबर पूर्ण यादी उघडते; ती नको असल्यास काढावी. गुगलच्या अनेक पानांवर ‘एचएल=एमआर’ म्हणजे पानावरची बटणे आणि सूचना मराठीत दाखवा.

आमची पद्धत अशी: लिंक प्रथम नोट्समध्ये चिकटवावी, यूटीएम, एफबीक्लिड, जीक्लिड, एसआय, आयजीएसएच ही ओळखीची नावे असलेल्या जोड्या त्यांच्या ‘&’सह काढाव्यात, उरलेली लिंक खासगी विंडोमध्ये उघडून पाहावी, आणि हवे तेच पान आले तरच पुढे पाठवावी. खासगी विंडो यासाठी की तेथे आपण लॉगिन केलेले नसता, त्यामुळे समोरच्याला जे दिसेल ते आपल्यालाही दिसते. पहिलीच जोडी काढली आणि मागे दुसरी उरली, तर तिच्या आधी ‘&’ न राहता ‘?’ यायला हवे. सर्वांत जास्त चुका येथेच होतात.

७. शेपूट काढल्यावर लिंक चाललीच नाही, असं कधी होतं?

वरील यूट्यूबखेरीज तीन प्रसंग वारंवार आढळतात. झूमच्या लिंकमध्ये ‘पीडब्ल्यूडी=’ असते, त्यात बैठकीचा पासकोड सांकेतिक रूपात असतो; तो भाग काढला तर प्रत्येकाला पासकोड हाताने भरावा लागतो. गुगल ड्राइव्हच्या काही जुन्या फाइलींच्या लिंकला ‘रिसोर्स की’ हा पॅरामीटर असतो. सप्टेंबर २०२१ मधील सुरक्षा बदलानंतर तो आला असून, ज्याने ती फाइल पूर्वी कधी उघडलेली नाही त्याला या किल्लीशिवाय ती उघडता येत नाही. त्याच ड्राइव्हच्या लिंकमधील ‘यूएसपी=शेअरिंग’ मात्र खुशाल काढावे.

तिसरा प्रसंग मुदतीच्या लिंकचा. पावती, अहवाल किंवा फोटो डाउनलोड करण्याच्या अनेक लिंकमध्ये मुदत आणि सही अशा दोन्ही गोष्टी पॅरामीटर म्हणून असतात. ही सही उरलेल्या पत्त्यावरूनच तयार केलेली असते, त्यामुळे एक अक्षर बदलले तरी लिंक नाकारली जाते. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेवर अशी स्वाक्षरीकृत लिंक सध्याच्या पद्धतीत जास्तीत जास्त ७ दिवस चालते. ‘मागच्या महिन्यातली लिंक आता उघडत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा हेच असते. अशा वेळी लिंक दुरुस्त करत बसू नये, नवी मागवावी.

८. ‘#’ नंतर जे येतं, तेही पॅरामीटरच ना?

नाही. ‘#’ नंतरचा भाग ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, सर्व्हरकडे पाठवीत नाही. त्याचा मूळ उपयोग पानातील विशिष्ट ठिकाणी नेण्यासाठी होतो. गुगलवरून एखादे पान उघडल्यावर एक वाक्य रंगवलेले दिसते, ते याच भागामुळे. ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली. पॅरामीटर चुकून ‘#’ नंतर जोडला गेला, तर तो सर्व्हरला पोहोचतच नाही. दुकानाच्या फलकावरील लिंकमध्ये स्वतः यूटीएम जोडणाऱ्यांची (प्रश्न १५ पाहावा) नोंद शून्य येते, तेव्हा आम्ही प्रथम हेच तपासतो.

९. प्रश्नचिन्हच नाही, तरी लिंक दोन ओळींची आहे. मग?

माहिती तिरप्या रेषांच्या मध्येही घालता येते. ॲमेझॉनवरील वस्तूच्या लिंकमध्ये ‘डीपी’ या शब्दानंतर १० चिन्हांचा वस्तुक्रमांक येतो; त्यापुढचा ‘रेफ=’ने सुरू होणारा भाग, प्रश्नचिन्ह नसले तरी, मागोव्याचाच असतो. डीपी आणि वस्तुक्रमांक एवढे ठेवले तरी वस्तू उघडते.

नकाशाची लिंक जास्त काळजीने पाहावी. गुगल नकाशाच्या लांब लिंकमध्ये ‘@’ नंतर अक्षांश, रेखांश आणि नकाशा किती जवळून पाहिला ते लिहिलेले असते. पंचवटीचा परिसर पाहत असाल तर तेथे २०.०० आणि ७३.७९ च्या आसपासचे आकडे दिसतील. हे आकडे पडद्यावरील नकाशाच्या मध्याचे असतात, आपल्या घराचेच असतील असे नाही. पण घरी बसून ‘माझे ठिकाण’ दाबून मग लिंक कॉपी केली असेल, तर ते घराचेच असतात. दशांशानंतरचे चार अंक म्हणजे सुमारे ११ मीटरपर्यंतची अचूकता, अर्थात बिल्डिंग कळली.

१०. दुकानातल्या यूपीआयच्या क्यूआर कोडमध्येही अशीच लिंक असते म्हणतात. खरं का?

खरे आहे, आणि पॅरामीटर समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही. मेनरोडवरील भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर साध्या स्कॅनरने वाचला, तर ‘यूपीआय’ या शब्दाने सुरू होणारा पत्ता दिसतो. त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘पीए’ म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, ‘पीएन’ म्हणजे त्याचे नाव, ‘एएम’ म्हणजे रक्कम, ‘टीएन’ म्हणजे टीप आणि ‘सीयू’ म्हणजे चलन असे पॅरामीटर असतात. भाजीवाल्याच्या कोडमध्ये ‘एएम’ नसतो, म्हणून रक्कम आपण टाकतो. मॉलमध्ये बिलाच्या यंत्रावर दिसणाऱ्या कोडमध्ये तो असतो, म्हणून रक्कम आधीच भरलेली येते.

धोकाही येथेच आहे. ‘पीएन’ हा नुसता मजकूर आहे. कोड तयार करणारा तेथे कोणाचेही नाव लिहू शकतो. पैसे जातात ते ‘पीए’ला. म्हणूनच यूपीआय चालविणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या २०२५ च्या सूचनेनुसार पैसे देण्याआधी ॲपने बँकेच्या नोंदीतील नाव दाखवायचे असते. गाडीवरच्या पाटीचे नाव न वाचता पडद्यावर शेवटी येणारे ते नाव वाचावे. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही पुन्हा सांगून ठेवतो.

११. लिंक दाबली की व्हॉट्सॲपमध्ये संदेश आधीच टाइप झालेला येतो. हे कसं करतात?

व्हॉट्सॲपच्या संपर्क-लिंकमध्ये देशाच्या ९१ या क्रमांकासह मोबाइल क्रमांक आणि त्यापुढे ‘टेक्स्ट=’ हा पॅरामीटर असतो. संदेश मराठीत असेल तर तो टक्क्यांच्या रूपात जातो (प्रश्न ३ पाहावा). संदेशात ‘&’ वापरू नये; तेथून पुढचा मजकूर तुटतो.

१२. मी पाठवलेली लिंक मित्राने उघडली, तर त्याला थेट माझंच खातं दिसलं. असं कसं झालं?

त्या लिंकमध्ये आपल्या लॉगिनची किल्ली होती. काही जुनी संकेतस्थळे लॉगिन केलेल्या व्यक्तीची ओळख कुकीऐवजी (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीऐवजी) पत्त्यात ठेवतात. ‘सेशन’ किंवा ‘टोकन’ असे नाव आणि पुढे लांब अक्षरमाला दिसली, तर सावध व्हावे. पासवर्ड बदलण्याच्या आणि ‘एका टिचकीत लॉगिन’च्या लिंकही याच जातीच्या. मी स्वतः एकदा आमच्या सोसायटीच्या गटात एका सेवेच्या तक्रारीचे पान दाखविण्यासाठी लिंक टाकली आणि पाच मिनिटांत शेजारच्या काकूंनी ‘तुमचं मागचं थकलेलं बिलही दिसतंय हो’ असे सर्वांसमोर कळविले. संदेश सर्वांसाठी डिलीट केलाच, पण त्याआधी लॉगआउट केले, कारण बहुधा त्यानेच अशी किल्ली रद्द होते. नुसता संदेश पुसून उपयोग नाही; तोवर ज्याने लिंक उघडली त्याच्याकडे ती राहते.

१३. सुरुवातीला ओळखीच्या साइटचं नाव आहे, मग लिंक सुरक्षितच ना?

तसे गृहीत धरू नये. पॅरामीटरच्या किमतीत दुसरा पूर्ण पत्ता ठेवता येतो. ‘यूआरएल=’, ‘नेक्स्ट=’, ‘रिडायरेक्ट=’ अशा नावापुढे भलताच पत्ता असेल आणि पहिल्या संकेतस्थळाने तो तपासला नाही, तर ते आपल्याला तिकडे ढकलून देते. उलट प्रकारही होतो: पत्ता कोणा अनोळखी संकेतस्थळाचा असतो आणि बँकेचे नाव फक्त प्रश्नचिन्हानंतर असते. प्रश्नचिन्हानंतर लिहिलेल्या नावाला काडीचीही किंमत देऊ नये. सिंहस्थाच्या निवासाच्या आणि बुकिंगच्या नावाने आलेल्या लिंक उघडताना हे तपासावे. पहिल्या एकट्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी जे नाव संपते, तेच खरे मालकाचे. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

१४. हे ब्राउझर आपोआप काढून टाकत नाही का?

काही प्रमाणात काढतो. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून कडक संरक्षण निवडल्यास काही ओळखीचे पॅरामीटर छाटले जातात, आणि २०२३ पासून लिंकवर उजवी टिचकी मारून मागोव्याविना कॉपी करण्याचा पर्यायही आहे. आयफोनवर आयओएस १७ पासून मेसेजेस, मेल आणि सफारीच्या खासगी विंडोमध्ये व्यक्ती ओळखणारे पॅरामीटर काढले जातात. यूटीएम मात्र राहू दिले जातात, आणि प्रश्न ४ मधील भेद पाहता ते योग्यच आहे. ब्रेव्ह ब्राउझरही हे करतो. अनोळखी नावे यांपैकी कोणालाच ओळखता येत नाहीत.

१५. माझं मिसळीचं दुकान आहे. फलकावर आणि पत्रकावर क्यूआर छापायचा आहे. मी यूटीएम लावावं का?

लावावे, पण थोडके. यूटीएमची मूळ पाच नावे आहेत: सोर्स, मीडियम, कॅम्पेन, टर्म आणि कंटेंट. आपल्याला पहिली तीन पुष्कळ झाली. किमती नेहमी एकाच पद्धतीने लिहाव्यात, कारण रोमन लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मोजली जातात आणि एकाच फलकाच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. स्वतःच्या संकेतस्थळातील एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या लिंकला यूटीएम लावू नये. ग्राहक मुळात कोठून आला, ही नोंद त्याने बिघडते.

लांबीचा प्रश्न छपाईत येतो. क्यूआरचा सर्वांत लहान प्रकार २१ गुणिले २१ चौकटींचा आणि सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ चौकटींचा असतो. लिंक जितकी लांब, तितक्या चौकटी जास्त आणि तितक्याच जागेत त्या बारीक. यूटीएममध्ये मराठी शब्द घातले, तर एका चिन्हाची नऊ होतात, आणि मग पत्रकाच्या कोपऱ्यातील दोन सेंटिमीटरचा कोड तर्रीचे डाग पडण्याआधीच वाचता येईनासा होतो. छापण्यापूर्वी एक प्रत काढून दोन-तीन साध्या मोबाइलवर तपासावी.

१६. पावतीच्या लिंकमधला शेवटचा आकडा सहज बदलून पाहिला, तर दुसऱ्याच कोणाची पावती उघडली. आता काय करू?

पान बंद करावे आणि पुढचा आकडा टाकून पाहू नये. पत्त्यातील क्रमांक बदलला असता, ती पावती मागणाऱ्याचीच आहे की नाही हे तपासणे संकेतस्थळाचे काम होते आणि ते त्याने केलेले नाही. दोष त्याचा आहे. परंतु हे कळल्यानंतरही क्रमाने पावत्या उघडत जाणे किंवा उतरवून घेणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली अनधिकृत प्रवेश ठरू शकते, मग हेतू कितीही चांगला असो. उघडलेल्या पावतीचा फोटो कोणालाही, गंमत म्हणूनसुद्धा, पाठवू नये. आपल्या स्वतःच्या पावतीची लिंक, दिनांक आणि काय घडले ते थोडक्यात लिहून त्या संस्थेला ईमेल करावा. दाद मिळाली नाही, तर तीच माहिती केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेकडे कळवावी.